आसंजित सांधे, अवकाशयानांतील
दोन पातळ पृष्ठस्तरांमध्ये हलका मधुकोशी गाभा आसंजकाने चिकटवून केलेल्या संमिश्र फलकांचे सांधे. पृष्ठस्तर बहुधा कार्बन तंतू व एपॉक्सी रेझीन यांचे, तर गाभा ॲल्युमिनियमाचा असतो. गाभा बोल्टाचा दाब सोसत नाही. म्हणून तेथे धातूचे निवेश रेझिनात बसवून भार पृष्ठस्तरांवर पसरवितात. कोशांत अडकलेली हवा निर्वातात पृष्ठस्तर सोलून काढू शकते, यासाठी कोशभित्तींना सूक्ष्म छिद्रे ठेवतात. श्राव्यातीत तपासणीने पोकळी कळते, आसंजनाचे बल मात्र कळत नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या एक्स-३३ यानाच्या द्रव-हायड्रोजन टाकीच्या चाचणीत आतील स्तरास सूक्ष्म तडे जाऊन वायू गाभ्यात शिरला. टाकी रिकामी होऊन तापू लागताच दाब वाढला आणि बाहेरील स्तर सुटला. हा प्रकल्प २००१ मध्ये रद्द झाला.