सोंग

झुंजार, काळा पहाड वाचून ज्यांचं बालपण गेलं, त्यांना वेषांतर म्हणजे चिकटवलेली दाढी वाटते. बाबूराव अर्नाळकरांची ती जादूच होती. आमच्या तासगावकडचं वेषांतर मात्र निराळं. ३ सप्टेंबर १९४२ ला इथल्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला आणि मामलेदारसाहेबांच्या डोक्यावर गांधी टोपी आली. टोपीखाली काय चाललं होतं, देव जाणे!

पुढं प्रतिसरकार आलं. क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. पण सर्वांत अस्सल सोंग वठवलं ते त्यांच्या लेकीनं, हौसाताईंनी. पी. साईनाथ यांच्या २०२२ च्या 'द लास्ट हीरोज' या पुस्तकात ही हकिकत आहे.

साल १९४३. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एक नवरा बायकोला बडवतोय. दगड उचलून डोकं फोडीन म्हणतोय. पोलीस सोडवायला धावले. तेवढ्यात साथीदारांनी चौकीतल्या रायफली आणि काडतुसं लांबवली. नवरा खोटा, भांडण खोटं. हौसाताईंना ना दाढी लागली, ना बुरखा. नवऱ्याचा मार खाणारी बाई पाहून कुणाला संशय येणार? दारोदारी दिसणारंच ते चित्र. जरा हात आखडता घेतला असता, तर सगळेच पकडले गेले असते.

त्या खोट्या नवऱ्यानं हात आखडता घेतला नव्हता. मार फारच खरा बसला, ही हौसाताईंची तक्रार नव्वदी ओलांडल्यावरही कायम होती.