नावलौकिकाचा हिशेब

पेरणीला शेजारी मला बैलजोडी देतो, पुढे मी त्याच्या मळणीला जातो. ही परतफेड समजायला सोपी आहे. पण ज्याच्याकडून परत काही मिळायचे नाही, त्यालाही माणूस हात देतो. का बरे? एक उत्तर आपल्या बोलण्यातच आहे : चार लोकांत नाव राहते. आज मदत एकाला होते, आणि ते ऐकून उद्या दुसराच कोणी आपल्यासाठी धावतो.

हे गणितात मांडता येईल का? १९९८ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांनी ते संगणकावर मांडले. १०० जणांचे जणू एक गावच वसवले. प्रत्येकाच्या नावावर आरंभी शून्य गुण. मदत केली की एक गुण वाढायचा, नाकारली की एक घटायचा. समोरच्याचे गुण पाहून जो तो आपली मदत ठरवी. ज्या रीतीने लाभ अधिक, ती रीत पुढच्या पिढीत अधिक पसरे. लौकिक पाहून मदत करण्याची रीत तग धरू शकते, असे दिसून आले.

त्यातून एक नियमही निघाला. मदतीला खर्च १ रुपया आणि घेणाऱ्याचा फायदा ४ रुपये असेल, तर समोरच्याचा लौकिक ठाऊक असण्याची शक्यता पाव हिश्शाहून अधिक हवी. नाहीतर मतलबी माणसाचे फावते.

पण यात एक खोच आहे, बरं का! लबाडाला नकार दिला, तरी गुण जातोच. म्हणजे शहाणा माणूसही बदनाम. तेव्हा काय केले एवढेच नव्हे, कोणाशी केले हेही पाहायला हवे. २००४ साली जपानच्या हिसाशी ओत्सुकी आणि यो इवासा यांनी अशा ४,०९६ नियमावल्या तपासल्या. सहकार्य चांगले टिकवणाऱ्या अवघ्या ८ निघाल्या. त्या आठांत तीन कलमे सारखीच आहेत. भल्याला मदत करील तो भला, मग त्याचे मागचे नाव कसेही असो. भल्याला नाकारील तो वाईट. आणि भल्या माणसाने वाइटाला नाकारले, तर त्याचे नाव जात नाही.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ही कलमे मुलांपुढे जरूर ठेवावीत. ‘अमका नाही म्हणाला’ एवढेच पारावर पोचले आणि कारण मागे राहिले, तर निरपराधाची पत जाते. आणि चुकलेला माणूस सुधारला, तरी आपण जुनेच नाव लावीत राहिलो, तर सुधारून त्याने काय मिळवावे?