शटर निवडताना आधी जागा, मग रंग

घराचे काम निघाले की सर्वांत जास्त खल होतो तो किचनच्या शटरवर. मुलाला मोबाइलवर पाहिलेले चकचकीत पांढरे हवे असते, सुनेला लाकडी रंग आवडतो आणि पैसे मोजणारे अब्बा म्हणतात, "टिकेल ते घ्या." बारामतीच्या किंवा इंदापूरच्या प्लायवूडच्या दुकानात कॅटलॉग उघडला की रंगांत मन गुंतते. मूळ प्रश्न मात्र मागे पडतो: हे दार कुठे बसणार आणि ते रोज कोण उघडणार?

सुरुवात सिंकखालच्या दारापासून करू. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आपल्याकडे अनेक ठिकाणी बोअरचे पाणी खारट आहे. ते दारावर उडत राहते, पांढरे डाग पडतात, खालच्या कडेतून ओल शिरते आणि दार फुगते. म्हणून तिथे एमडीएफ नको, पार्टिकल बोर्डही नको. प्लाय घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दावर न जाता आयएसआय शिक्क्याजवळचा आकडा वाचावा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ मधली एमआर ग्रेड दमट हवेला टिकते, साचलेल्या पाण्याला नाही. शिक्का पाहायचा तो लॅमिनेट चिकटवण्याआधी, आणि एज बँडिंग चारही बाजूंना झाले का, हे दार बसवण्याआधी.

दुसरी जागा शेगडीजवळची. रमजानमध्ये महिनाभर रोज भजी, समोसे तळले जातात. नक्षी किंवा खाचा असलेल्या शटरमध्ये तेलाचा थर बसतो आणि तो काढायला बाईमाणसालाच तास घालवावा लागतो. मेम्ब्रेन शटरवर पीव्हीसीची पातळ फिल्म असते. सततच्या उष्णतेने ती कडेने सुटू शकते. इथे सपाट, मॅट लॅमिनेट बरे. ॲक्रिलिक दिसते सुंदर, पण त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच दिसतात. हौस असेल तर ते शेगडीपासून दूर, वरच्या कपाटांना लावावे. काचेचे दार ईदच्या क्रोकरीपुरते ठीक.

सिलिंडरच्या कपाटाबाबत मात्र तडजोड नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो. बंद, सपाट दार दिसायला नीटनेटके असले तरी त्याला तळाशी जाळी किंवा झरोके हवेतच. सुतार विसरला तर आपण आठवण द्यावी. कांदे-बटाट्यांच्या कपाटालाही जाळीदार दार चांगले. हवा खेळती राहते.

आता दार उघडणाऱ्यांचा विचार. गुडघे दुखणाऱ्या दादीला खालच्या कपाटात वाकून शेवटचा डबा काढणे जमत नाही. तिथे दारांऐवजी खोल ड्रॉवर बसवले तर सामान आपोआप पुढे येते. बकरी ईदची मोठी पातेली आणि देग कुठे राहणार, हे उंची ठरवण्यापूर्वीच मापून घ्यावे. सहेरीच्या वेळी घर झोपलेले असते, म्हणून सॉफ्ट-क्लोज बिजागरी ही केवळ चैन नाही. सिंकजवळची बिजागरी स्टेनलेस स्टीलची असावी, नाहीतर ती गंजते आणि चांगले दारही लोंबकळते.

सगळीकडे महागडे घ्यायची गरज नाही. चांगला प्लाय आणि चांगली बिजागरी जिथे पाणी आणि रोजचा वापर आहे तिथे घ्या. बाकीच्या दारांना साधे लॅमिनेट चालते. पाहुण्यांना दिसावे म्हणून खर्च आणि सिंकखाली काटकसर, असा उलटा हिशेब अनेक घरांत होतो.

ऑर्डर देण्याआधी एक काम करावे. जमिनीवर खडूने कपाटांच्या रेषा आखाव्यात आणि रोज स्वयंपाक करणारीला तिथे उभे करावे. तिचा हात कुठवर पोहोचतो, दार उघडल्यावर ती कुठे अडते, ते तिलाच सांगू द्यावे. मग कॅटलॉग तिच्या हाती द्यावा.