अडीच कोटी कप्प्यांचा धंदा

साध्या फोर-के टीव्हीच्या पडद्यावर आडवे 3,840 आणि उभे 2,160 ठिपके असतात. गुणाकार 82,94,400. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे, म्हणजे झाले जवळपास अडीच कोटी. आणि प्रत्येकामागे स्वतंत्र ट्रान्झिस्टर. चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं, तेव्हा दर सेकंदाला सुमारे 149 कोटी हुकूम सुटतात. कारखान्याने दहा लाखांत एकच चूक केली, तरी पडद्यावर 25 कप्पे मेलेले निघतील आणि गिऱ्हाईक टीव्ही परत आणून आदळेल.

हे पडदे घडतात कुठे? चीनमधल्या हफेई शहरात बीओई कंपनीचा अजस्र कारखाना 2017च्या डिसेंबरात सुरू झाला. तिथली एकेक काच 2.94 बाय 3.37 मीटरची. क्षेत्रफळ जवळपास 107 चौरस फूट, चाळीतल्या दहा-बाय-दहाच्या खोलीहून जास्तच. जाडी मात्र मिलिमीटरभरही नाही. अशी काच लांबून आणायची म्हणजे जिवाला घोर, म्हणून कॉर्निंग कंपनीने काचेचा कारखाना शेजारीच थाटला. एका काचेतून 65 इंची 8 पडदे कापता येतात. क्षमता महिन्याला 1,20,000 काचांची. सगळ्या तशाच कापल्या तर 9,60,000 पडदे!

आता या बाजारात ॲपलने काय म्हणून उतरावं? कंपनीचा टीव्ही येतोय, ही आवई 2011 नंतर वर्षानुवर्षे उठत होती. 2015 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली, की बेत वर्षभरापूर्वीच गुंडाळलाय. शहाणपणा केला, असं माझं मत. त्या आर्थिक वर्षात एकट्या ॲपलने 23 कोटी आयफोन विकले. साऱ्या जगातल्या टीव्ही कंपन्या मिळून वर्षाला वीस-बावीस कोटी टीव्ही विकतात. शिवाय फोन दोन-तीन वर्षांत बदलला जातो, टीव्ही भिंतीवरून हलता हलत नाही. पडदा दुसऱ्याचा, त्यावर नाव आपलं, आणि शेजारच्या दुकानात तोच पडदा स्वस्तात! सोनीसारख्या मुरलेल्या कंपनीनेही टीव्हीत सलग दहा वर्षं तोटा सोसला.

पैसा आहे तो पडद्यामागे. अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीने 2021च्या तिसऱ्या तिमाहीत सुमारे 50 कोटी डॉलरची उपकरणं विकली आणि ढोबळ नफा कमावला 2.56 कोटी. जाहिराती आणि प्रेक्षकांच्या माहितीची उलाढाल जेमतेम 8.6 कोटींची, नफा 5.73 कोटी. पुढे 2024 मध्ये वॉलमार्टने 230 कोटी डॉलर मोजून अख्खी व्हिझिओच घेतली. जाहिरातींच्या धंद्यासाठी, हे लपवलंही नाही.