पहिला गेमिंग कॉम्प्युटर, व्याजाच्या हप्त्यांशिवाय

परीक्षा संपल्या, की बऱ्याच घरांत एक मागणी सुरू होते: गेमिंग कॉम्प्युटर. अब्बांच्या डोळ्यांपुढे लाखभराचा आकडा उभा राहतो आणि विषय तिथेच मिटतो. नाहीतर दुकानदार हप्त्यांचा कागद पुढे सरकवतो. व्याजाचा व्यवहार ज्या घरांना नको, त्यांच्यासाठी सरळ वाट म्हणजे सुटे भाग घेऊन मशीन स्वतः जोडणे आणि तेही दोन टप्प्यांत.

गेमिंग मशीनमध्ये सर्वांत महाग भाग बहुधा ग्राफिक्स कार्ड असतो. पहिल्या टप्प्यात तो घेऊच नका. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर २०२१ साली आला. सहा कोअरच्या या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट किंवा जीटीए फाइव्हसारखे खेळ कमी सेटिंगवर त्यावर चालतात, अभ्यास आणि कोडिंगही होते. नवे, अवजड खेळ मात्र चालणार नाहीत. हे मुलांना आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे नंतर रुसवे नकोत. ईदी साठवून वर्षभराने कार्ड बसवता येते, बाकी मशीन तेच राहते.

मदरबोर्ड बी५५० चिपसेटचा घ्यावा. बी४५० स्वस्त पडतो, पण जुना माल असेल तर बायॉस अपडेट केल्याशिवाय हा प्रोसेसर तो ओळखत नाही. दुकानातच अपडेट करून मागा. रॅम १६ जीबी हवी आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. आतले ग्राफिक्स याच रॅमवर जगते. एकच पट्टी लावली तर खेळ अडखळतात. साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी सुरुवातीला पुरे. कॅबिनेट हवा खेळती राहील असे असले म्हणजे झाले, रंगीत दिव्यांवर पैसे घालवू नका. घरातला टीव्ही एचडीएमआयने जोडता येतो, म्हणून मॉनिटरचा खर्चही पुढे ढकलता येतो. विंडोजचे लायसन्स मात्र हिशेबात धरा, ते बहुतेकजण विसरतात.

काटकसर जिथे करूच नये तो भाग म्हणजे एसएमपीएस, वीज पुरवणारा डबा. स्वस्त कॅबिनेटसोबत जो ‘मोफत’ मिळतो, तो तिथेच ठेवून या. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत मदरबोर्डही नेतो. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा, ५५० वॅटचा घेतला तर पुढचे साधे कार्डही त्यावर चालेल. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. वीज सारखी जाणाऱ्या गावात यूपीएसही लागेल.

मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड ठाऊक आहे, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. तीन-चार दुकानांत लेखी कोटेशन घ्या आणि जीएसटीसह भाव विचारा. या भागांवर १८ टक्के कर आहे. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणणाऱ्याला सलाम करून पुढे जा, कारण वॉरंटीसाठी बिल लागते. रॅमचे भाव तर सोन्यासारखे वर-खाली होतात, म्हणून खरेदीच्या दिवशीच विचारा.

जोडणी दुपारभराचे काम आहे. स्क्रू-ड्रायव्हर चांगला हवा, आणि अधूनमधून धातूला हात लावत जा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. या प्रोसेसरच्या खालच्या बाजूला हजाराहून अधिक नाजूक पिना असतात. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवला, की तो आपल्या वजनानेच बसतो. दाबायचे नाही. सोबतच्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते. तो स्क्रूने बसवण्याआधी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे कंस काढावे लागतात, इथे नवखे हमखास अडतात. चार खाचा असतील तर रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, घाबरू नका. मग बायॉसमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी पर्याय चालू करा, नाहीतर विकत घेतलेला वेग वापरलाच जात नाही.

कार्डाची वेळ आली, की आरएक्स ६६०० सारखे पाहा. ते सुमारे १३२ वॅट खाते, म्हणजे तोच एसएमपीएस पुरतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसते, पण ५६००जीसोबत त्याचा वेग कापला जातो, ते टाळा. जुने कार्ड घेत असाल तर जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. विकणाऱ्याकडे बसून अर्धा तास खेळ चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, मूळ बिल मागा आणि त्यानंतरच भावाची घासाघीस सुरू करा.