आल्याचा सोडा फसफसत नाही? आधी नळाचं पाणी बघा

परवा एका भावाने विचारलं, "सर, घरी बिअर करतो, पण नळाच्या पाण्याने बिघडते. विकायचीय, काय करू?" आधी विकायचं बघू. विनापरवाना दारू बनवणं महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार गुन्हा आहे, घरच्यापुरती केली तरी. पुण्यात २००९ मध्ये डुलाली सुरू झालं ते मायक्रोब्रुअरीचा परवाना काढून. आपलं भांडवल तेवढं नाही. म्हणून बिअर सोडा, आणि सोड्याकडं या! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मिळालंय. ओली हळद आणि आलं आंबवून केलेला सोडा आपल्या हिंगोलीत का नको?

पाण्याची अडचण मात्र इथंही तीच. टाकीत टीसीएल पावडर पडते. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. ओटी टेस्टला पाणी पिवळं होतं ते त्यामुळंच. प्यायला हे पाणी उत्तम, पण कॉलऱ्याचा जंतू कोणता आणि आपलं यीस्ट कोणतं, हे क्लोरीनला कळत नाही! एवढ्याशा क्लोरीनने बॅच मरत नाही. पण पावडर नुकतीच पडली असेल किंवा पावसाळ्यात डोस वाढवला असेल, तर आंबणं रेंगाळतं. बिअरमध्ये तर माल्टमधल्या फिनॉलशी क्लोरीन जुळून दवाखान्यासारखा वास येतो.

मी स्वतः फसलोय. एका हळदीच्या कार्यक्रमाची २० लिटरची ऑर्डर होती. नळ आला, तसं लगेच पाणी भरलं आणि मिश्रण लावलं. तीन दिवस एक बुडबुडा नाही. आलं-साखरेचे पैसे गेले त्याचं काही नाही हो, पुढच्या दोन लग्नांनी फोन उचलला नाही.

उपाय फुकटात आहे. पसरट पातेल्यात पाणी भरा, वर फडकं बांधा, रात्रभर ठेवा. क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर १५ मिनिटं उकळा, पण गॅसचा खर्च किमतीत धरा. तिसरी युक्ती व्हिटॅमिन सी. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण २.५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या २० लिटर पाण्याला फक्त २५ मिलिग्रॅम. अख्खी गोळी टाकू नका. परदेशी व्हिडिओत क्लोरामाइनची भीती घालतात. ते रात्रभर ठेवून जात नाही हे खरं, पण टीसीएलचं पाणी म्हणजे साधं क्लोरीन.

एक लक्षात ठेवा, क्लोरीन गेलं की पाण्याची राखणही गेली. ते त्याच दिवशी वापरा. बाटल्या धुवायला मात्र नळाचंच पाणी चांगलं.

आणि हो, जास्त आंबवलं की सोड्यातही अल्कोहोल तयार होतं. ०.५ टक्क्यांवर गेलं की एफएसएसएआयच्या हिशेबाने ते मद्यच. म्हणून वेळेत फ्रिजमध्ये टाका, आणि विकण्याआधी एक बाटली लॅबला द्या.

उद्या सकाळी गावच्या जलसुरक्षकाला चहा पाजा आणि विचारा, टाकीत पावडर किती वाजता टाकता?