शिलाई मशीन बिघडत नाही, तुंबते

शाळा उघडल्या आणि आषाढी जवळ आली की पिंप्राळ्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायाबापड्यांना उसंत नसते. मुलांचे गणवेश झाले की ब्लाऊज, परकर आणि एकादशीच्या रथोत्सवाला माहेरी येणाऱ्या लेकींचे कपडे. पिंप्राळा आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत असले तरी रथाच्या दिवशी ते पुन्हा गाव होते. आणि नेमके याच दिवसांत घरातले मशीन रुसते. दोरा तुटतो, टाके सुटतात, पायडल जड होते. मग "मशीन बाद झालं, आता नवीनच घ्यावं लागंल" असे म्हणून त्यावर चादर टाकली जाते. चादरीखाली पावसाळा गेला की मशीन खरेच बाद होते.

वास्तविक अशा बहुतेक मशीनमध्ये काहीही मोडलेले नसते. ते तुंबलेले असते, किंवा चुकीच्या तेलाने आखडलेले असते.

खानदेशात तुंबण्याचे कारण घरातच असते. दिवाळीनंतर भाव वाढेल या आशेने आपण कापूस घरात भरून ठेवतो. ज्या खोलीत कापसाची गंजी, त्याच खोलीत बहुधा मशीनही. त्याचे तंतू आणि शिवताना कापडातून निघणारी लव सुईखालच्या पट्टीच्या फटीतून आत उतरते. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांमध्ये ती बसत जाते आणि वरून तेल पडले की घोंगडीसारखी घट्ट होते. दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड सरकत नाही, एकाच जागी टाक्यांचा ढीग होतो. बाई पायडल जोरात मारते. सुई वाकते. दोष मशीनला!

साफसफाईला अर्धा तास पुरतो. मोटर असेल तर आधी प्लग काढावा. सुई आणि कापड दाबणारा फूट काढून घ्यावा. सुईखालच्या पट्टीचे दोन स्क्रू बरोबर बसणाऱ्या पेचकसाने सोडवून वाटीत ठेवावेत. पट्टी उचलली की खाली काय साठले आहे ते पाहून अनेकांना धक्काच बसेल. ही लव कोरड्या ब्रशने काढावी. जुना टूथब्रश चालतो, घट्ट बसलेली लव चिमट्याने निघते. तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीतला ओलावा लोखंडाला लागतो आणि लव आणखी आत जाते.

पुढचे काम शटलचे. चाक फिरवून सुईचा दांडा सर्वांत वर आणावा आणि बॉबिनची डबी काढावी. नेहमीच्या काळ्या मशीनला शटलच्या दोन्ही बाजूंना दोन फिरत्या खिट्ट्या असतात. त्या बाहेर वळवल्या की कडे आणि चंद्रकोरीसारखे शटल हातात येते. ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावे, म्हणजे बसवताना गोंधळ होत नाही. तुटलेल्या दोऱ्याचे तुकडे बहुधा इथेच अडकलेले असतात, आणि "मशीन जाम झालं" म्हणतात ते यामुळेच. कोरड्या फडक्याने पुसून शटल फिरते त्या खाचेत तेलाचा एकच थेंब सोडावा. बॉबिनच्या डबीवरील बारीक पत्तीखाली कागदाचा कोपरा सरकवून कचरा काढावा. पत्तीचा ताण बरोबर आहे का, हे पाहणे सोपे आहे. दोऱ्याचे टोक धरून डबी लोंबकळत ठेवावी. ती आपल्या वजनाने घसरू नये, हलका झटका दिल्यावर मात्र थोडी खाली यावी.

तेलाबाबत सर्वांत जास्त चुका होतात. घरात खोबरेल असते, शेंगदाण्याचे असते, तेच मशीनला घातले जाते. खाण्याचे तेल हवेने चिकट होते आणि काही महिन्यांत त्याचा डिंक बनतो. खोबरेल तर थंडीत बाटलीतच गोठते, ते मशीनच्या सांध्यात काय करणार? ट्रॅक्टरचे किंवा इंजिनाचे ऑइलही नको, ते फार जाड. शिलाई मशीनचे तेल पाण्यासारखे पातळ व पांढरे मिळते, तेच वापरावे. मशीनच्या डोक्यावर व खाली जिथे जिथे भोके आहेत तिथे एकेक थेंब पुरे. पायडलच्या दोन्ही टोकांना, त्याला मोठ्या चाकाशी जोडणाऱ्या दांडीला आणि चाकाच्या आसालाही द्यावा. या खालच्या जागा कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. पट्ट्याला, मोटरला आणि दोऱ्याचा ताण धरणाऱ्या तबकड्यांना मात्र तेल लागू देऊ नये. तेल घातल्यावर दोन मिनिटे मशीन रिकामे चालवावे, मग चिंधीवर शिवून पाहावे. नाहीतर गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजवर डाग ठरलेला.

रोज शिवणाऱ्यांनी काम संपल्यावर लव झाडून रोज थेंब-थेंब तेल द्यावे. घरापुरते शिवणाऱ्यांना आठवड्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात काम नसले तरी आठवड्याला पाच मिनिटे मशीन चालवावे, गंज धरत नाही. पायडल चालवताना पट्टा घसरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा हुक मारावा. फार ताणू नये, नाहीतर पायडल जड जाते.

सुई ही तर सर्वांत स्वस्त वस्तू आणि बदलायला सर्वांत कंटाळा तिचाच. टाके सुटू लागले की आधी सुई बदलावी. पातळ कापडाला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ किंवा १८. ज्या बाजूने दोरा ओवतो, त्या बाजूला सुईची लांब खाच यावी. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर लोक बॉबिनला दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. तो काढून पहिल्यापासून ओवावा.

हे मशीन आपल्याकडे नवीन नाही. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानले होते. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच सुमारास कलकत्त्यात 'उषा' मशीन तयार होऊ लागले होते. काळ्या मशीनची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. म्हणूनच जुन्या मशीनचे सुटे भाग आजही मिळतात. आजीचे मशीन भंगारात देण्याची घाई करू नये. मोटर बसवली म्हणून पायडलचा पट्टाही फेकू नये, वीज गेल्यावर तोच कामाला येतो.

आता थोडे सरपंच, ग्रामसेवक मंडळींसाठी. योजनांतून मशीन मिळतात, वाटपाचे फोटो निघतात, पण ते उघडून साफ कसे करायचे हे दाखवणारा माणूस त्या दिवशी बहुधा नसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. गावातील अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडेच असते. त्याच वेळी अर्जदाराला तेल-ब्रशची गोष्ट सांगता येईल. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, त्यातून वर्षातून एकदा एखाद्या जाणत्या कारागिराला गावात बोलावणे काही अवघड नाही.

यात पैशाचाही प्रश्न आहे. २०२४-२५ साली गणवेश शिवण्याचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे आले होते, पुढच्या वर्षी ते पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. समितीने गावातल्याच बायांना काम द्यायचे मनावर घेतले, तर ती आधी विचारणार की जूनच्या आत होईल का? गटात दहा मशीन असून चारच चालू असतील तर ते काम शहरात जाते. म्हणून अशा गटांनी एप्रिल-मेमध्येच, लग्नसराईची शिलाई आटोपली की, सगळी मशीन एका ओट्यावर आणून उघडावीत. जिला शटल बसवता येते तिने बाकीच्यांना दाखवावे. तेलाची एक बाटली आणि सुयांची दोन पाकिटे गटाच्या खर्चातून आणून ठेवावीत.